काळीवर हिरवं कोर्ट

परभणीतल्या आमच्या घरामागे ६० बाय ३० फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी, पुरुषभर खोल. चैत्र-वैशाखात तिच्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की पाय रुतेल असा चिखल. मुलांना पावसाळाभर तिथे पाऊल ठेवता येत नसे. फुटबॉल, बॉक्स क्रिकेट आणि नेट बांधलं तर व्हॉलीबॉल, असं एकच कोर्ट कृत्रिम गवताचं करायचं ठरलं. पहिल्या ठेकेदाराचं म्हणणं सोपं होतं: माती सारखी करू, ४ इंच काँक्रीट ओतू, वर टर्फ अंथरू, आठवड्यात खेळायला मोकळे.

वडिलांनी जन्मभर याच मातीत कापूस आणि तूर केली. ते एवढंच म्हणाले, "अरे, ही काळी आहे. उन्हात बसते, पावसात उठते. तुझं काँक्रीट तिच्याबरोबर उठेल-बसेल का?" आमच्या गल्लीतल्या अंगणांच्या फरश्या बघितल्या तरी उत्तर मिळत होतं. एक मधोमध फुगलेली, दुसरी भिंतीपासून सुटलेली. मी ठेकेदाराला नको म्हणून कळवलं.

भाची पॉलिटेक्निकला स्थापत्य शिकते. तिने मातीची परीक्षा करायची ठरवली. चाळलेली, वाळवलेली १० ग्रॅम माती काचेच्या एका नळीत रॉकेलमध्ये टाकली आणि तेवढीच दुसऱ्या नळीत ऊर्ध्वपातित पाण्यात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही नळ्या आणून दाखवल्या. रॉकेलमधली माती १० मिलिलिटरच्या खुणेजवळ बसलेली, पाण्यातली १८ च्याही वर गेलेली. हा फरक ५० टक्क्यांपुढे गेला की ती माती बांधकामाला त्रासाची समजतात, आमची ८० पर्यंत पोचली होती. बसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, पापुद्रे दूर सरतात आणि माती वर उठते. त्या दोन नळ्या पाहिल्यावर घरात कुणीच काँक्रीटचं नाव काढलं नाही.

आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर मोठं काम केलेलं आहे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण अंगात थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर दाबून बसवला, तर खालचं फुगणं बरंच आवरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. तिथे थर मीटरभर जाडीचे लागतात. आमच्या कोर्टावर इमारत उभी राहणार नव्हती, म्हणून दीड फूट खोदायचं आणि चांगला मुरूम भरायचा असं ठरवलं. मुरूमही बसाल्टचाच. खडक पुरता मुरून चिकणमाती झाली की काळी, अर्धवट मुरला की मुरूम. एकाच खडकाची ही दोन रूपं पाण्याशी इतकी वेगळी वागतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

खोदाई मेमध्ये करू नका, हाही वडिलांचाच आग्रह. तेव्हा माती पूर्ण आकसलेली असते, पुढे पाऊस लागला की सगळीच उठणार. दिवाळीनंतर जमीन वाफशावर आल्यावर जेसीबी लावला. २७ ब्रास माती निघाली, ती आमच्याच शेतावर गेली. मुरमाचा एक डंपर मात्र परत पाठवावा लागला. कामावरच्या मिस्त्रींनी मूठभर मुरूम ओला करून तळहातावर वळला, तर त्याची लांबलचक वळी झाली. "साहेब, ह्यात काळी मिसळलीये," म्हणाले. चांगला मुरूम वळताना तुटतो.

मुरूम १५ इंच भरला, पण एकदम नाही. थोडा पसरायचा, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. रोलर परत फिरवल्यावर चाकाचा माग उमटत नाही, तोवर मिस्त्री पुढे सरकू देत नसत. या मुरमालाच तीस फुटांत साडेतीन इंचांचा उतार दिला. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्याला खडी टोचू नये म्हणून जिओटेक्स्टाइलचं कापड, मग ४ इंच खडी आणि २ इंच कच. कोर्ट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३ इंच उंच राहिलं. टर्फच्या भोकांतून झिरपलेलं पाणी कागदावरून उताराच्या कडेला येतं आणि तिथल्या छिद्रांच्या पाइपातून गटाराकडे जातं. काळीपर्यंत पाणी पोचूच द्यायचं नाही, यासाठी सगळा खटाटोप. खर्चाचा आणि वेळाचा मोठा वाटाही इथेच गेला.

टर्फ त्या मानाने लवकर झालं. गुंडाळ्या उलगडल्या, सांध्याखाली पट्टी घालून चिकटवल्या, वर सिलिका वाळू ब्रशने जिरवली. रबराचे दाणे मी घेतले नाहीत. ते बुटांबरोबर बाहेर जातात आणि मातीत, नाल्यात पसरतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा दाण्यांवर बंदीचा नियम केला, ती २०३१ पासून लागू होईल. मेच्या दुपारी टर्फवर अनवाणी पाय ठेववत नाही, म्हणून उन्हाळ्यात खेळ सकाळी आणि संध्याकाळीच.

पहिल्या पावसाळ्यात कोर्ट जागचं हललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कडुलिंबाकडचा कोपरा इंचभर बसला, कारण झाड तिथलं पाणी ओढून घेतं आणि माती आकसते. मिस्त्रींनी तेवढं टर्फ उचलून कच भरली, धुमसाने ठोकली आणि सकाळच्या सकाळी काम उरकलं. काँक्रीट असतं तर त्या जागी तडा गेला असता आणि तो वाढत राहिला असता.

काळ्या मातीवर कोर्ट करायचं असेल, तर कोटेशनमध्ये गवताची उंची विचारण्याआधी खालच्या प्रत्येक थराची जाडी, उतार आणि पाणी कुठे काढणार हे लिहून मागा. जो ते लिहून देत नाही, त्याला काम देऊ नका.