औषधावरचे औषध

आजारी माणसाला एकच डॉक्टर असतो. आजारातून उठू लागलेल्या माणसाला मात्र गल्लीभर डॉक्टर भेटतात. गेल्या पावसाळ्यात मला टायफॉईड झाला, तेव्हा याचा मी पुरेपूर अनुभव घेतला.

अँटिबायोटिकच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या होत्या. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आईने देवापुढे साखर ठेवली. पण त्याच सुमारास दुसरेच दुखणे सुरू झाले. दिवसातून सहा-सात वेळा जुलाब, जिभेवर पांढरा थर, आणि भाताचा घास कागद चघळल्यासारखा. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली आणि मला भिंतीला धरल्याशिवाय न्हाणीपर्यंत जाता येईना.

"औषध उष्ण पडलं बघ," मावशीने निकाल दिला. "ताप गेला की आता. बंद करा त्या गोळ्या." आईलाही ते पटू लागले होते. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण त्या आठवड्यात आमच्या घरी रोज दोन वेळा म्हटली जात होती.

आप्पा काही बोलले नाहीत. ते वडगावात यंत्रमागावर कामाला आहेत. माग सोडून लेकीच्या उशाशी बसणे त्यांना परवडत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी एक पिशवी माझ्याजवळ आणून ठेवली. तिच्यात जस्ताच्या गोळ्या, लोहाचे टॉनिक, कॅल्शियम, पोटातल्या 'चांगल्या जंतूं'च्या पुड्या आणि प्रोटीनचा एक भला मोठा डबा होता. दुकानदाराने सांगितले, आप्पांनी घेतले. पिशवीत त्यांची तीन दिवसांची मजुरी होती, हे मला बिल न पाहताही कळले.

ती पिशवी उघडण्याआधीच एक घोटाळा झाला. बी-कॉम्प्लेक्सची गोळी पहिल्यापासून चालू होती, आणि माझी लघवी हळदीसारखी पिवळीजर्द होऊ लागली. "अगंबाई, कावीळ!" म्हणून आईने मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. पिशवीही बरोबर घेतली.

डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिले आणि हसले. "कावीळ नाही हो वहिनी. हा बी-टू जीवनसत्त्वाचा रंग. शरीराला लागतं तेवढं ते ठेवतं, उरलेलं बाहेर टाकतं." पैसे कोणत्या वाटेने जातात हे इतक्या स्पष्टपणे मी कधी पाहिले नव्हते!

मग त्यांनी मला समजेल असे सांगितले. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू सुखाने नांदत असतात. अन्न पचवायला ते हातभार लावतात, काही जीवनसत्त्वे बनवतात आणि उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिकला मात्र आपला-परका ओळखता येत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते. म्हणून जुलाब लागतात. जिभेवरचा थर म्हणजे एक बुरशी. तिला दाबून ठेवणारे जंतू मेल्यामुळे ती माजली होती. तिच्यासाठी त्यांनी तोंडात लावायचे औषध दिले.

"मग गोळ्या बंद करू?" आईने विचारले.

"मुळीच नाही. टायफॉईड अर्धवट सोडला तर उलटून येतो." पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना हाच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला पुरून उरायला शिकतात.

नंतर पिशवीची झडती झाली. जस्त उपाशीपोटी घेतले की मळमळते, ते बाजूला. लोह रक्त तपासल्यावर, लागलेच तर. कॅल्शियमची मला गरज नव्हती. शिवाय डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा काही औषधांना कॅल्शियम, लोह किंवा जस्त चिकटून बसते आणि औषध अंगी लागत नाही. म्हणून अशी पिशवी आधी डॉक्टरांना दाखवावी. डबा परत करायला सांगितले. पुड्या तेवढ्या जुलाब थांबेपर्यंत ठेवल्या.

त्या पुड्यांत एक यीस्ट होते. त्याची हकिकत मी पुढे वाचली. १९२० च्या दशकात आंरी बुलार हे फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होते. तेथे पटकीची साथ आली असता लोक लिची आणि मँगोस्टीन या फळांच्या सालींचा काढा पीत, हे पाहून त्यांनी त्या सालींवरचे यीस्ट वेगळे केले. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली, त्यामुळे जंतुनाशक गोळीने ती मरत नाही. दह्यातल्यासारख्या जंतूंच्या कॅप्सूल मात्र गोळीनंतर दोन तासांनी घ्याव्या लागतात. अशा औषधांनी जुलाब कमी होतात, हे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. पण २०१८ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या छोट्याशा प्रयोगात असे आढळले की, अँटिबायोटिकनंतर अशा जंतूंचे मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जंतू परत यायला उलट अधिक उशीर लागला. पाहुणे आले आणि घरमालकालाच ओसरीवर बसावे लागले!

डॉक्टरांनी एक ताकीदही दिली : जुलाबात रक्त पडले, ताप परत चढला किंवा पोट फार दुखू लागले, तर पुड्यांवर विसंबू नये, लगेच यावे. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही हे होऊ शकते.

तसे काही झाले नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माझे पहिले टॉनिक. दुसरे शेजारच्या अज्जींचे. त्या रोज तांब्याभर मज्जिगी आणून "कुडी, मगळे" म्हणत समोर उभ्या राहत. आमची आंबील आणि त्यांची अंबली या एकाच भांड्यातल्या निघाल्या. आपल्या या अंकात मराठी आणि कानडी पाने वेगवेगळी बांधलेली असतात. माझ्या पोटाने तसा भेद केला नाही. दह्याताकाने मी बरी झाले, असा माझा दावा नाही. पण ते पोटात टिकत होते आणि त्यावर मला बसता येऊ लागले.

चौदा दिवस पूर्ण झाले. जुलाब त्याआधीच थांबले होते. जीभ स्वच्छ झाली. ताकद मात्र महिनाभर सावकाश, पेजेच्या वाटीमागून वाटीने आली. परीक्षा दिली, त्या वेळी मधूनमधून बाकावर डोके टेकावे लागले, एवढेच.

डबा परत द्यायला मीच आप्पांबरोबर गेले. वाटेत ते म्हणाले, "माझं चुकलंच म्हणायचं." मी म्हटले, "नाही आप्पा, पुड्यांचा गुण आला की." ते खोटे नव्हते. सीलबंद डबा दुकानदाराने कुरकुरत परत घेतला. आप्पांनी नोटा मोजल्या, त्यांतल्या दोन माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "जा, अज्जींना मोसंबी घेऊन ये."