कच्चा मसुदा

भाऊबीजेच्या सुटीत दिल्लीतील बिऱ्हाडी एकट्याने अमेरिकेचे 'कंट्री' संगीत ऐकत बसणारा मराठी कारकून म्हणजे थोडे विचित्रच प्रकरण! परंतु ते प्रकरण आमचेच आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. रामकृष्णपुरमच्या आमच्या इमारतीतील शेजारी आपापल्या बहिणींकडे गेले होते. रजा आम्हांसही मंजूर झाली होती. 'कामाचा फार रेटा आहे,' असे मात्र आम्ही साताऱ्यास ताईला कळविले होते.

खरे कारण निराळे होते. वडिलांच्या पश्चात ताईने घरातील आपला वाटा मागितला. दिवसभर नियमांची पुस्तके चाळणाऱ्या आम्हांस तिचा हक्क पुरता ठाऊक होता. तरीही आम्ही सही केली नाही. उलट, क्रमांकवार मुद्दे घालून तिला पाठवावयाच्या पत्राचा चार पानी मसुदा तयार केला.

तो मेजावर ठेवून आम्ही विली नेल्सनची १९७५ सालची 'रेड हेडेड स्ट्रेंजर' ही आमची आवडती तबकडी लावली. पत्नीची आणि तिच्या प्रियकराची हत्या करून घोड्यावरून रानोमाळ भटकणाऱ्या एका धर्मोपदेशकाची ही कथा. टेक्ससमधील गार्लंड येथे तिचे ध्वनिमुद्रण झाले. गिटार, पियानो, मधूनच हार्मोनिका. बाकी सारी मोकळी जागा. ती ऐकून कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाटले, हा निव्वळ कच्चा मसुदा असावा! परंतु अंतिम अधिकार करारान्वये गायकाकडे होता. तबकडी जशीच्या तशी निघाली आणि अफाट गाजली.

आजवर आम्ही ऐकत आलो तो विलीचा गळा आणि त्याची गिटार. त्या दिवशी कान पियानोकडे वळला. तो वाजविणारी बॉबी ही विलीची थोरली बहीण. दोघांना आजीआजोबांनी वाढविले. १९७३ पासून पुढे जवळजवळ पन्नास वर्षे, २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ती भावाच्या साथीला राहिली. या तबकडीत ती फार वाजवीत नाही. भाऊ थांबला की त्या जागेत चार सूर ठेवते आणि मागे सरते.

वडिलांच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांच्या उशाशी ताई होती. आम्ही दिल्लीहून पैसे पाठवीत होतो, आणि तेवढ्यावर समाधानी होतो. तिने त्याचा कधी उच्चारही केला नाही. साऱ्या आयुष्यात तिने आमच्याकडे मागितले ते हे एवढेच.

तबकडी संपली. आम्ही मसुदा पुन्हा वाचला. चार पानांत कामाचे असे एकही वाक्य सापडले नाही. तो फाडला आणि फोन लावला.

"ताई, कागद तयार ठेव. सही करतो." आणि थोडे थांबून म्हणालो, "रजा मिळाली होती ग."

पलीकडे क्षणभर शांतता.

"किती उरली आहे?" ताईने विचारले.