पाइपाकडेची वस्ती

विद्याविहारच्या बाजूला तानसाच्या जलवाहिनीला वस्तीत कुणी जलवाहिनी म्हटलं नाही. पाइप. पाइपावर गोधड्या वाळायच्या, पाइपावरून पोरं तोल सावरत पळायची, सावलीच्या अंगाला गारव्यासाठी म्हातारी पाठ टेकून बसायची. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला येतंय. ते पाठीशी वाहायचं, आणि कित्येक घरांतला हंडा मात्र दुसऱ्याच्या नळावर भरायचा, पैसे मोजून.

वस्ती उठली. जलवाहिनीच्या दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर जागा मोकळी हवी होती. कारण खोटं नव्हतं, सगळ्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न. २०१७ पासून टेम्पो भरभरून संसार माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत गेले. सव्वादोनशे चौरस फुटांची पक्की खोली, संडास आत. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तिथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे हरित लवादाने २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं; तरी त्याच हवेत माणसं नेऊन ठेवली.

वस्ती हलवताना मोजल्या फक्त भिंती. एकेका बाईने पत्र्याच्या पेटीत जमवलेली पिशवी कुणी मोजली नाही: पिवळं पडलेलं वीजबिल, त्याच्या जोरावर काढलेलं रेशनकार्ड, कार्डाच्या जोरावर पोराचा शाळाप्रवेश, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स. कडीला कडी लावत वीस-वीस वर्षं गेलेली. उधारीवर तांदूळ देणारा दुकानदार, कुठलं पोर वजनात कमी हे तोंडपाठ असलेली अंगणवाडीताई, धुण्याभांड्याची चार घरं, सगळं चालत गाठण्याजोगं. हे गाठोडं कुठल्या टेम्पोत चढवणार? कार्डावरचा पत्ता बदलता येतो. उधारी देणारा माणूस बदलून मिळत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये माहुलची माणसं परतली आणि विद्याविहारला, त्याच पाइपालगत, फुटपाथवर ठाण मांडून बसली. नावावर पक्की खोली असताना. याला आडमुठेपणा म्हणणारे खूप भेटले. त्यातल्या किती जणांनी माहुलला एक रात्र काढली असेल? २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारला सांगितलं: दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. तोवर दम्याने, क्षयाने गेलेल्यांची नावं रहिवासीच सांगत राहिले होते, आंदोलनात, कचेऱ्यांत, पत्रकारांपुढे. ती सगळी पुनर्वसनाला पात्र ठरलेली माणसं होती, चावी हातात मिळालेली.