निश्चय एकट्याचा, निभाव चौघांत

धूम्रपान सोडण्याचा सगळ्यांत मोठा सामुदायिक प्रयोग आमच्या छत्रपती संभाजीनगरात दरवर्षी होतो आणि त्याची नोंद कुठलाच दवाखाना ठेवत नाही. रमजान लागला की शहागंज, रोशनगेट, किराडपुरा या भागांत दिवसा धूर दिसेनासा होतो. एरवी चहाच्या पहिल्या घोटाआधी बिडी पेटवणारी माणसे सहेरीपासून इफ्तारपर्यंत, रमजान उन्हाळ्यात आला तर चांगले चौदा तास, बिडीला हात लावत नाहीत. रोजात बिडी चालत नाही, विषय संपला. यांतलाच एखादा महिनाभर आधी डॉक्टरांना सांगत असतो, "साहेब, तासभर नाही ओढली तर जीव कासावीस होतो." तो तेव्हा खोटे बोलत नसतो आणि रोजातही त्याची तलफ कुठे पळून गेलेली नसते.

मग होते काय? जुन्या मोंढ्याजवळ मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका चाचांना मी हे विचारले होते. स्पार्क प्लग घासता घासता, मान वर न करता ते म्हणाले, "असर की नमाज के बाद जरा सर भारी होता. लेकिन सबके सब वैसेच बैठे रहते ना मियाँ. अकेला कौन है?"

श्रद्धा आहेच, ती वजा करून चालणार नाही. पण श्रद्धेला जोड आहे ती गल्लीची. बाप, भाऊ, दुकानातला पोऱ्या, समोरचा चहावाला, सगळ्यांचे ओठ एकाच वेळी कोरडे. कोणी कोणाला उपदेश करत नाही, कारण उपदेश करण्याइतका वरचढ कोणीच नसतो. आणि ईदचा चाँद दिसला की बहुतेकांची बिडी परत येते, तीही सगळ्यांची मिळूनच. सोबतीचे हे दोन्ही गुण मला एकदमच दिसले: ती सोडवते आणि तीच धरूनही ठेवते.

आमच्या बाजूलाही वेगळे नाही. श्रावण पाळणारे महिनाभर मांस-मद्याकडे बघत नाहीत. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. नाथषष्ठीला तिथे दिंड्या येतात, त्यांत गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून दारू आणि मांस कायमचे सोडलेले कितीतरी जण भेटतील. माळकरी एकटा राहत नाही. त्याचा फड असतो, एकादशी असते, पंगतीत शेजारी दुसरा माळकरी असतो. पण त्याच दिंडीत विसाव्याला बसल्यावर एखाद्याची चंची निघते, तळहातावर चुना-तंबाखू मळली जाते आणि चिमूट शेजाऱ्याकडे सरकते. दारूचा मोह झाला तर चारजण अडवतील. तंबाखूला अडवणारे कोणी नाही, कारण त्या चौघांनाही ती हवी असते. सोबत तेवढ्याचपुरती ताकद देते जेवढे सोबतीने सोडलेले असते.

याचा सगळ्यांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. १९३५ साली बिल विल्सन हा काही महिन्यांपूर्वीच दारू सुटलेला माणूस कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फसले. हॉटेलात एकटा उभा, बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज. त्याच्या ध्यानात आले की आपल्याला आत्ता डॉक्टर नको, पाद्री नको. आपल्यासारखाच एखादा दारुडा हवा. फोन फिरवत फिरवत तो डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनपर्यंत पोचला आणि त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. जगभर लाखो लोकांची दारू तिने सोडवली. पण तिच्या बैठकांत बसणारे त्या काळी सिगारेटी ओढत बसत. बिल विल्सनही भरपूर ओढायचा. दारूचा थेंब न घेता तो १९७१ साली गेला, तो फुप्फुसे निकामी होऊन. सिगारेटसाठी त्याच धर्तीचा वेगळा गट निघायला १९८०चे दशक उजाडले.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची देणगी त्यामागे होती. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच नव्याने आलेल्याशेजारी बसतो, ही तिथली रीत महाराष्ट्राला आता ठाऊक आहे. मात्र सिगारेटसाठी कोणी घर सोडून मुक्कामी जात नाही. सिगारेटवाला कामावर जातो, पगार आणतो, मुलांचा अभ्यास घेतो. त्याचे काही बिघडलेले दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी जमत नाही.

शरीरात काय चालते ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोपेचे खोबरे, कामात लक्ष नाही, भूक खवळलेली. हे सगळे दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. एकेक तलफ मात्र पाचेक मिनिटांत येऊन जाते. म्हणजे आयुष्यभराचा निग्रह वगैरे मोठ्या गोष्टी बाजूला ठेवल्या, तर प्रश्न त्या पाच मिनिटांचा असतो. तरीही कोणाचीच मदत न घेता सोडायला निघालेल्या शंभरांतले तीन ते पाचच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. 'मनावर घेतलं तर काय अवघड आहे' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बरे, सोडायची ती नुसती सिगारेट असते का? मी वाळूजला एका कारखान्यात होतो. गेटसमोरच्या टपरीला लायटर सुतळीने बांधलेला असे. सुतळी आखूड, त्यामुळे पेटवायला प्रत्येकाला मान वाकवावी लागे. एका ज्योतीवर दोन डोकी वाकली की सुपरवायझर कोण आणि हेल्पर कोण, याला अर्थ उरत नसे. ओव्हरटाइमची भांडणे तिथे मिटली, कोणाच्या मुलीची सोयरीक तिथे जमली, कोणाची नोकरी जाणार हे नोटीस लागण्याआधी तिथेच कळले. सिगारेट सोडायची म्हणजे या मंडळातून नाव कमी करायचे. फुप्फुसाची चित्रे दाखवणारे पत्रक याबद्दल अवाक्षर काढत नाही. अनेक जण परत ओढू लागतात ते निकोटिनच्या ओढीने खरेच, पण थोडेसे त्या टपरीच्या आठवणीनेही.

आमचे सुटले ते या टपरीवरच. आमच्यातल्या एका फिटरला खोकल्याने झोप लागेना. डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता, जेवायला चला म्हणावे इतक्या सहजपणे तो म्हणाला, "मी सोडतोय. कोण येतं?" दोघे लगेच हो म्हणाले, त्यांत मी होतो. चौथा बँकेतला, फिटरच्या गल्लीतला. तो पुढे येऊन मिळाला. शपथ नाही, दंड नाही. ठरले एवढेच की तलफ अनावर झाली तर आधी फोन करायचा, आणि ओढलीच तर दुसऱ्याला कळायच्या आत स्वतः सांगायचे. चहा सोडला नाही. टपरी बदलली, वेळ तीच ठेवली.

त्या फोनांवर सिगारेटबद्दल फारच थोडे बोलणे होई. एकदा बँकवाल्याचा एका लग्नातून फोन आला. "मंगल कार्यालयाच्या मागच्या गेटपाशी उभा आहे. सगळे साडू ओढतायत. एक माझ्यापुढे पाकीट धरून उभा आहे." फिटर म्हणाला, "मग पुढच्या गेटनं आत जा. मठ्ठा घे, आणि जिलबी कशी झालीय ते सांग." बँकवाला फोन कानाला धरूनच आत गेला. जिलबीवर, मग आचाऱ्यावर, मग नवरदेवाच्या फेट्यावर बोलणे झाले. तेवढ्यात ती पाच मिनिटे गेली. यात समुपदेशनाचे कुठलेही शास्त्र नव्हते. मागच्या गेटवर उभे राहणे म्हणजे काय, हे पलीकडच्याला ठाऊक होते, इतकेच.

हे घरचे का करू शकत नाहीत? त्यांची तळमळ तर सगळ्यांत जास्त. पण बायको शर्टाचा वास घेते तेव्हा तिच्या नजरेत आधीच्या सगळ्या मोडलेल्या वचनांची यादी असते. मुलगी 'बाबा, माझी शपथ' म्हणते आणि पुढच्या वेळी ओढणारा बाप बडीशेप चघळत खोटे बोलतो. घरच्यांपुढे अपराधी वाटते, अपराधी वाटले की लपवावेसे वाटते, आणि लपवायची सवय सिगारेटला फार मानवते. सोबत सोडणाऱ्यापुढे लपवायचे कारणच नसते. आमच्या फिटरने वडील गेल्यावर दहाव्याच्या दिवशी घाटावर सिगारेट ओढली. संध्याकाळी त्याने स्वतः सांगितले. बँकवाला म्हणाला, "बरं. उद्या चहाला येतोस ना?" तो आला. घरी कळले असते तर रडारड झाली असती आणि त्याने, आता पडलोच आहोत तर, म्हणून पाकीट आणले असते.

सोबतीने सोडण्याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे पिढ्यान्पिढ्या चाललेल्या हृदयरोगाच्या पाहणीतली १२,०६७ माणसे, १९७१ ते २००३ पर्यंतची त्यांची नाती, मैत्री आणि सिगारेटी निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी तपासल्या. २००८ साली त्यांनी मांडले की माणसे सुटी सुटी सोडत नाहीत, त्यांचे गटच्या गट सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, छोट्या कंपनीत सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी.

सोबतीचे गोडवे गाताना तिची मर्यादाही सांगायला हवी. पुस्तिका वाचून एकट्याने सोडण्यापेक्षा गटाने सोडणारे जास्त टिकतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण जाणकार समुपदेशकापेक्षा गट सरस ठरतो, असे सिद्ध झालेले नाही. सकाळी उठल्याबरोबर पहिली पेटवावी लागते त्याचे निकोटिनचे व्यसन पक्के समजावे. त्याने डॉक्टरांना विचारून निकोटिन गम किंवा गोळ्या जरूर घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. आणि दोघांनीच मिळून सोडले तर एक पडला की दुसराही त्याच दिवशी पडायची भीती असते. तीन-चार जण असले की कोणी ना कोणी उभा राहतो.

आणखी एक मर्यादा मोठी आहे. आमचे टोळके पुरुषांचे होते आणि टपरी त्यांची होती. महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीत २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, ओढणारे ३.८ टक्के, बाकी बहुतेक खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे. पहाटे चुलीपुढे मिश्री लावणाऱ्या बाईला 'मी सोडतेय, कोण येतं' म्हणायला टपरी नसते. होस्टेलच्या गच्चीवर चोरून ओढणाऱ्या मुलीला तर आपण ओढतो हेच सांगता येत नाही, मग सोडतोय हे ती कुणाला सांगणार? बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीच्या ओट्यावर हा विषय निघायला हरकत नसावी. जिथे आधीच चारचौघी बसतात, तिथेच तो निघेल.

सरकारने एक सोबती फुकट दिला आहे. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय फोनसेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. गंमत अशी की आपल्याकडे सिगारेट पाकिटाने घेतो कोण? महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. तरी टपरीवर हात पुढे केला की एकच मिळते. पाकीट टपरीवाल्यापाशी, चित्र आणि क्रमांक त्याच्यापाशी, धूर तेवढा आपला. तेव्हा या वेळी पाकीट मागून घ्या आणि उलटून तो क्रमांक वाचा.

सोडायचे मनात असेल तर दोन फोन करा. एक या क्रमांकावर. दुसरा, ज्याच्यासोबत तुम्ही रोज ओढता त्याला. तो हसेल, टाळेल, पुढच्या महिन्यात बघू म्हणेल, तरी विचारा. बऱ्याचदा तोही कुणीतरी विचारण्याची वाट बघत असतो.