शिक्षकाचा थकवा आणि वीणेची तार

आपल्या समाजात मास्तर किंवा बाई म्हणजे नुसते नोकरदार नव्हेत. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी पोरे शिकवली, अशा घरातला तो बहुधा पहिला पगार असतो. त्यामुळे मंगल परिणयाची धावपळ, विहारातले वाचन, कुणाच्या दाखल्याचा अर्ज, सारे आपल्याकडेच येते. नाही म्हटले तर समाजाचे ऋण विसरलो, अशी धास्ती वाटते.

मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत मेळघाटात आलो की भाषा बदलते. पहिलीतले लेकरू कोरकू बोलते. ही भाषा मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली. मराठीच्या कुळातली नव्हे. ते लेकरू गप्प बसते ते मठ्ठ म्हणून नव्हे. त्याला आपले बोलणेच कळलेले नसते. नवा शिक्षक मग आवाज चढवतो. दुपारपर्यंत घसा बसतो, दोन वर्षांत मनही बसते. त्यापेक्षा पाण्याला ‘डा’, खाण्याला ‘जोम’ असे रोज दोन शब्द पोरांकडूनच शिकावेत. पोरे गुरुजी होतात, आपल्या उच्चाराला खुदुखुदु हसतात आणि बोलायला लागतात. इथे टिकायचे तर माझ्या मते याहून खात्रीचा उपाय नाही. बदलीच्या अर्जापेक्षा तर नक्कीच!

दुसरा थकवा कागदांचा. खिचडीचा हिशेब, सर्वेक्षणे, वरून मागवलेले तक्ते, आणि आता मोबाईलवर भरायची माहिती, तीही रेंज शोधत. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. हे कलम प्रत्येक शिक्षकाला पाठ असावे. आता गंमत पाहा. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुले यांनीच शिक्षकाकडे गावचे हिशेब तपासणे, टपाल अशी कामे सोपवावीत असे सुचवले होते. पण ते गावात त्याचा मान वाढावा म्हणून. आणि त्याच निवेदनात बारा रुपयांहून कमी पगार नको, असेही त्यांनी बजावले होते. आमच्याकडे कामे आली, मान वाटेतच राहिला.

अंगुत्तर निकायात सोण भिक्खूची कथा आहे. साधनेत चालून चालून त्याचे पाय रक्ताळले आणि चीवर सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला तेवढेच विचारले, की तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजते का? त्यांनी त्याला आळशी ठरवले नाही, की आणखी जोर लाव असेही म्हटले नाही. भगिनींनो, थकलेल्या माणसाशी असे किती जण बोलतात?

गेल्या वर्षावासात मी आमच्या वस्तीतल्या विहारात सांगून टाकले, की ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन आठवड्यातून दोनच दिवस माझ्याकडे राहील. एक-दोघांना ते रुचले नाही. बाकीचे दिवस बारावीतल्या दोन मुलींनी घेतले. एकीचे वाचन अजून अडखळते. पण माझ्यासमोर गप्प बसणाऱ्या बायका तिला मध्येच थांबवून प्रश्न विचारतात.