पाच मतां खंय गेली?

विधानसभेचा निकाल लागून आठवडा झाला असेल. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान, २३ ला मोजणी. कुडाळ मतदारसंघात निलेश राणे जिंकले, दोन वेळचे आमदार वैभव नाईक हरले, फरक आठ हजारांच्या आसपास. बातम्या देऊन झाल्या होत्या. संध्याकाळी चुलत भाऊ खळ्यात आला. तो एका पक्षाचा बुथप्रमुख. कुठल्या, ते इथे महत्त्वाचं नाही. मोबाईलवर आमच्या बुथाचे आकडे होते. हसतच म्हणाला, "दादा, सगळी वाडी मोजलंय. तुमच्या घरातली पाच मतां काय जुळनत नाय. खंय गेली?"

मी म्हटलं, "तुझ्याच माणसाक."

खोटं बोललो. पाचातलं निदान माझं तरी त्याच्या माणसाला नव्हतं. आत माझ्या बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं. तिला माहीत होतं.

आता थोडं तांत्रिक, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमचं मत गुप्त असतं, पण तुमच्या बुथाचं नसतं. नमुना २० नावाच्या तक्त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते छापून येतं आणि कोणालाही बघता येतं. मी पत्रकार म्हणून तो दर निवडणुकीला काढतो, कार्यकर्ते माझ्याआधी काढतात. मुंबईत एका बुथावर हजारभर अनोळखी माणसं मत टाकतात, तिथे या आकड्याने कोणाचं काही बिघडत नाही. आमच्याकडे एका बुथावर दोन-तीन वाड्या. कुठल्या घरात किती मतं, मुंबईहून कोण चाकरमानी आला, कोण आला नाही, सगळं पाठ. वजाबाकी केली की घर सापडतं. निदान सापडलं असं वाटतं, आणि तेवढं पुरतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी त्या एकमेकांत मिसळण्याची सोय होती. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर सुचवलं, म्हणजे चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं उपकरण. ते अजून आलेलं नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम सांगतं की कोणालाही आपण कोणाला मत दिलं हे सांगायला भाग पाडता येणार नाही. छान कलम आहे. पण डिझेल परताव्याची फाईल अडली, बोटीच्या परवान्यासाठी शब्द टाकायचा आहे, पोराला कुठेतरी चिकटवायचं आहे, तेव्हा समोरचा विचारत नाहीच. आपणच आधी सांगून मोकळे होतो, "आमी तुमचेच." माझंही वेगळं काय? आमच्यासारख्या छोट्या पेपरचा महिना नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर निघतो. चुलत भावाचा शब्द तिथे चालतो. मी खोटं बोललो त्यात भावाचं मन राखणं किती आणि जाहिरात राखणं किती, हे मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही.

जुनी माणसं म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. बॅ. नाथ पै, मग मधु दंडवते. १९७१ पासून १९८९ पर्यंत राजापूरमधून दंडवते सलग पाच वेळा निवडून गेले. माझे वडील दंडवत्यांचे, काका काँग्रेसचे, आणि दोघे याच खळ्यात तावातावाने भांडून एका पंगतीला बसायचे. हे मी पाहिलंय, खरं आहे. पण त्या भांडणात बायका कधी बोलल्याचं मला आठवत नाही. त्या चहा आणून ठेवायच्या. आणि २००५ साली नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, पोटनिवडणूक लागली, तेव्हा माणूस धरायचा की निशाणी धरायची यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी बातमीदार म्हणून जवळून बघितलं. त्यातली काही घरं अजून जुळलेली नाहीत.

याच २०२४ च्या निवडणुकीतली दुसरी गोष्ट सांगतो. माझी काकी, म्हणजे या बुथप्रमुखाची आई, पंचाऐंशीच्या पुढची. म्हणून तिचं मत घरूनच घेतलं. आधी अर्ज भरून दिला होता. मतदानाच्या काही दिवस आधी पथक आलं, सोबत पोलीस, व्हिडिओवाला. चुलत भाऊ आईच्या बाजूला जाऊन बसला. "तिका दिसना नाय, मी मदत करतंय."

काकीने चष्मा लावला. "माका दिसता. तू भायर जा."

साहेबांनी त्याला खरंच बाहेर काढलं. आम्ही सगळे खळ्यात उभे. कागदावर खूण करून पाकीट बंद व्हायला पाच मिनिटं लागली. पथक गेल्यावर त्याने विचारलं, "आये, कोणाक दिलंस?"

"तुझ्या बापाशीक पण कधी सांगूक नाय मी."

काका तिला दर निवडणुकीला बुथापर्यंत सोबत न्यायचे आणि वाटेत निशाणी दोनदा सांगायचे. तीही "हो, हो" म्हणायची. माझी "तुझ्याच माणसाक" आणि तिची "हो, हो" यांत किती फरक आहे, यावर मी बराच विचार केलाय. गंमत म्हणजे तिचं मत टपाली मतांत गेलं, आणि ती मतं अख्ख्या मतदारसंघाची एकत्र मोजतात. आमच्या बुथाच्या आकड्यांत ते नाहीच. घरात खरं गुप्त मत तिचं एकटीचं.

मग २ डिसेंबर २०२५ ला मालवण नगरपरिषदेचं मतदान झालं. राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिंदेंची शिवसेना इथे समोरासमोर, निलेश राणे एका बाजूला, नितेश राणे दुसऱ्या. वर्षापूर्वी एकाच गाडीतून फिरलेले कार्यकर्ते एकमेकांच्या गाड्यांवर नजर ठेवून होते.

मतदानाच्या रात्री चुलत भाऊ आला. मोबाईल खिशातच. चहा घेतला, माश्यांचे भाव झाले, काकीच्या गुडघ्याचं झालं. उठताना मी सहज विचारलं, "कायरे, कोणाक?"

तो चपला शोधत राहिला. मग म्हणाला, "दादा, ता नको इचारू."

मी त्याला गेल्या वर्षीचं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काकीने आतून त्याला जेवायला हाक मारली.