आईने सांगितले होते

वाईच्या आमच्या घराचे मागचे दार उघडले की तीन दगडी पायऱ्या लागतात आणि त्यापुढे परस. जागा फार नाही. एक आंबा, एक प्राजक्त, अळूचा वाफा, कपडे वाळत घालायची दोरी आणि कोपऱ्यात पाचोळा कुजवण्याचा खड्डा. ही जागा आईची. वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत तिने ती रोज पहाटे स्वतःच्या हाताने झाडली. खराट्याचा खर्र खर्र आवाज हाच आमच्या घरातला गजर होता. मोत्या, आमचा गावठी कुत्रा, तिच्यामागे दोन हात अंतर ठेवून फिरत असे आणि झाडलेल्या जागेवरच नेमका अंग टाकत असे.

जेवणापूर्वीचे दोन तास गोधडीचे. त्या वर्षी तिने घेतलेली गोधडी माझ्या मुलीच्या होणाऱ्या बाळासाठी होती. वर-खाली आईचीच मऊ झालेली नऊवारी आणि मध्ये माझ्या दिवंगत वडिलांच्या धोतरांचे थर. काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत घालत आत मध्याकडे जायचे, ही तिची पद्धत. जमिनीवर गोधडी पसरून तिच्यावरच बसायचे, एक हात सरकायचे, पुन्हा बसायचे, दोरा संपला की उठून डबा आणायचा. या उठण्या-बसण्याकडे मी डॉक्टर म्हणून कधीच पाहिले नव्हते. गुडघ्यांना त्रास होईल, एवढेच अधूनमधून म्हणत असे आणि ती ऐकत नसे.

चैत्रात एके दिवशी तिचा रक्तदाब १६४ भरला. आधीपासून एक गोळी चालू होती; मी दुसरी जोडली. रुग्ण जिला 'लघवीची गोळी' म्हणतात त्या जातीची. औषध चांगले आहे, मी शेकडो लोकांना दिले आहे. आठ दिवसांनी तिला खुर्चीत बसवून रक्तदाब पाहिला, १३८ आला, आणि मी समाधानाने यंत्र मिटले.

आषाढात, पहाटे साडेपाचच्या सुमारास, मागच्या दाराशी धप्प असा आवाज झाला. पाठोपाठ मोत्याचे केकाटणे. धावत गेलो तर आई उंबऱ्यावर आडवी आणि मोत्या तिच्या अंगाखालून निघण्याची धडपड करत होता. तिचे डावे मनगट मोडले होते. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडते तेव्हा हाडे ठिसूळ झाल्याची ती वर्दी असते. त्याची तपासणी आणि उपचार पुढे यथासांग झाले. परंतु पडण्याचे कारण शोधायला मला एक क्षणही लागला नाही. कारण समोर शेपूट पायांत घालून उभे होते.

"मोत्यात पाय नाही रे अडकला," आई गाडीत म्हणाली होती. "आधी डोळ्यांपुढं अंधारी आली. तो बिचारा माझ्याखाली सापडला."

मी "बरं, बरं" म्हणालो. वेदनेत माणसाला नीट आठवत नाही, असे मनाशी म्हटले. शिवाय ती त्याचा कैवार घेणारच. दवाखान्यात एखादी वृद्धा "अंधारी आली" म्हणाली असती तर मी पेन खाली ठेवून तिला चार प्रश्न विचारले असते. आईला मी एकही विचारला नाही.

त्याच आठवड्यात मोत्याची रवानगी नात्यातल्या एकांच्या मळ्यावर झाली. मागच्या दाराला कुलूप लागले. गोधडी घडी घालून माळ्यावर गेली; हाताला प्लॅस्टर असताना ती करायची तरी काय? सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले, पण बंदी उठली नाही. जमिनीवर बसायचे नाही, पायरी उतरायची नाही, खराटा धरायचा नाही. आम्ही तिला उंच पाठीची खुर्ची आणली, समोर टीव्ही लावून दिला. मनगटासाठी दाबायला स्पंजचा चेंडू दिला. तो तिने दोन दिवस दाबला आणि शेजारच्या मुलाला खेळायला देऊन टाकला.

मला वाटत होते, आपण तिची उत्तम काळजी घेत आहोत. भेटायला येणारेही तसेच म्हणत. मधल्या काळात ती मात्र आटत चालली होती. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात रेटल्याशिवाय तिला उठता येईना. दहा दिवसांची सक्तीची विश्रांतीसुद्धा वृद्धांच्या मांड्यांतले बळ लक्षणीय कमी करते, हे मी वाचलेले आहे, नातेवाइकांना सांगितलेलेही आहे. जेवण अर्ध्यावर आले. कंटाळा, सुस्ती, एखादे वेळी वाराचा विसर. काय हवे विचारले तर म्हणे, "मला काय, ठेवाल तिथं बसते." वयोमानाने व्हायचेच, असे मी पत्नीला म्हणालो. पंचवीस-तीस वर्षे जे वाक्य उच्चारू नये म्हणून मी लोकांना बजावत आलो, तेच वाक्य.

गणपतीच्या दिवसांत आई न्हाणीघरात पुन्हा कोसळता कोसळता राहिली. पत्नी जवळ होती म्हणून सावरली. तिला पलंगावर निजवून पत्नी बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "आता कोणाला मळ्यावर पाठवायचं?"

मी काही बोललो नाही. यंत्र घेऊन आईजवळ बसलो. पाच मिनिटे तिला आडवी ठेवून रक्तदाब मोजला: १४६. मग आधार देऊन उभी केली. एका मिनिटाने १२०, तीन मिनिटांनी ११२. "हे बघ, हेच," ती पलंगाची कड धरत म्हणाली, "असंच झालं होतं त्या दिवशी." उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक खाली आला तर तो दोष मानतात, तिचा ३४ने उतरला होता. रक्ताच्या तपासणीत सोडियम १२७ निघाले. ते १३५च्या खाली असू नये. त्या जातीच्या गोळ्यांनी सोडियम उतरण्याचा धोका वयस्क स्त्रियांत विशेष असतो. गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत ते तपासायला हवे होते. सुस्ती, विसर, पावलांचा डळमळीतपणा यांचा त्या आकड्याशी थेट संबंध असू शकतो. हे सारे पुस्तकात आहे. माझ्याच कपाटातल्या पुस्तकात आहे.

गोळी मी बंद केली. (घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती: हे वाचून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. मात्र डॉक्टरांना 'उभं करूनही रक्तदाब बघा' असे अवश्य सांगा. आमच्यापैकी कोणी कपाळाला आठी घातली तरी सांगा.) चौथ्या दिवशी सोडियम १३१ झाले, पुढच्या आठवड्यात १३६. उभ्याने घेतलेला रक्तदाबही सावरला. चेहरा उजळला, वार आठवू लागले. पायांतले बळ मात्र रक्ताच्या आकड्यांबरोबर परतत नाही. त्याला महिने लागतात.

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ते राहू दे. कुत्रा आण."

दसऱ्याच्या आधी मोत्या आला. थोडा वाळला होता. माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. सरळ जाऊन आईच्या पलंगाखाली शिरला. या वेळी मी त्याला दोषही दिला नाही आणि मोकळेही सोडले नाही. कुत्रा पायांत येऊन माणसे पडतात, हे खोटे नाही. म्हणून त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले, पाण्याचे भांडे वाटेतून हलवून कोपऱ्यात ठेवले. रेबीजची वार्षिक लस तेवढी चुकवत नाही. खेळता खेळता ओरखडा उठला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवायचे, मग कुत्रा कितीही घरचा असो.

परसातही असेच. पायऱ्यांना कठडा बसवला, कडांवर पांढरा रंग ओढला, दाराशी दिवा लावला. खराट्याला लांब बांबू बांधला, त्यामुळे वाकावे लागत नाही. वेळ पहाटेऐवजी आठची ठरली, आणि पलंगावरून उठताना दोन मिनिटे पाय सोडून बसल्यावाचून पाऊल टाकायचे नाही हा करार झाला. शेवाळलेल्या दिवसांत मात्र दार बंद. यावर आमची अजूनही वादावादी होते आणि ती आठवड्यातून एकदा जिंकते.

गोधडी माळ्यावरून उतरली. आता ती पलंगावर पसरतात आणि आई खुर्चीत बसून शिवते. सुया मोजून पाच, काम झाले की मोजून पाच डब्यात. मला मधुमेह आहे, आणि बधिर तळव्यात सुई रुतली तर ती कळायलाच उशीर होतो. शाळेतून येताना शेजारचा तोच चेंडूवाला मुलगा पाचही सुयांत दोरा ओवून देतो. चेंडूने जे साधले नाही ते कापडाने साधले. गोधडी शिवताना डाव्या हाताने खालून कापड उचलून धरावे लागते, बोटे मिटावी-उघडावी लागतात. पहिले आठ दिवस दहा मिनिटांत हात दुखे. दिवाळीपर्यंत ती तासभर बसू लागली.

बाळ जानेवारीत आले, गोधडी त्याच्या आधी आठवडाभर पुरी झाली. उन्हात टाकली होती तेव्हा मी नीट पाहिली. काठाकडच्या ओळी बारीक, सरळ, जणू फूटपट्टीने आखलेल्या. मग एके ठिकाणी त्या थांबतात आणि पुढचे टाके लांब, वाकडे, एक वर एक खाली. चार-पाच बोटे रुंदीचा तो पट्टा. नंतर मध्याकडे जाता जाता ते हळूहळू पुन्हा लहान होत गेले आहेत, पूर्वीइतके नाहीत, पण सरळ. तिचा केसपेपर मी इतका नीट कधी लिहिला नव्हता.

"तेवढा पट्टा उसवून पुन्हा घातला असतास तर?" मी विचारले.

"उसवायला काय झालंय? ऊब देतोय ना?" ती म्हणाली आणि गोधडीकडे निघालेल्या मोत्याला हाड्‌ करून हाकलले. त्याच्यासाठी वेगळी शिवायला घेतली आहे. तिला वरून माझ्या दोन जुन्या पँटी लागल्या आहेत, असे मला पत्नीकडून कळले.